पिळलेला स्क्रू

नवऱ्याच्या दफनानंतर महिन्याभराने डोरीन त्याची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन गावातल्या गॅरेजात आली. तिने किल्ली काढली, तरी इंजिन नेहमीसारखं गचके देत चालूच राहिलं. ‘म्हातारं झालंय,’ नवऱ्याचं नेहमीचं वाक्य तिने मेकॅनिक आर्थरला ऐकवलं आणि त्याच्यासारखंच ब्रेक दाबून, गिअर टाकून, क्लच सोडत ते बंद पाडलं. आर्थरने बॉनेट उघडलं. ‘म्हातारपण कसलं, मिसेस एकरॉइड! इंजिनचा वेग ठरवणारा हा स्क्रू कुणीतरी मुद्दाम पिळून ठेवलाय. त्याने गाडी चढावर बंद पडत नाही, पण किल्ली काढूनही थांबत नाही.’ डोरीनला चर्चचा चढ आठवला. नवऱ्याकडून हीच गाडी चालवायला शिकताना तिथे गाडी बंद पडायची, ती रडायची. मग एका रविवारी गाडी बंद पडलीच नाही. ‘बघ, शिकलीस!’ नवरा म्हणाला होता. ‘सैल करू?’ आर्थरने विचारलं. ‘कर,’ ती म्हणाली, ‘खरंच शिकले होते का, कळू दे.’