ठसठशीत अक्षरं

इस्पितळातल्या जुन्या, मोठ्या संगणकाचा पडदा आता वॉर्डातल्या नव्या पीसींवर दिसायला हवा होता. त्यासाठी तीन सॉफ्टवेअर आली होती आणि त्यातलं एक निवडायचं काम संगणक विभागाच्या साहेबांकडे होतं. वॉर्डातल्या सिस्टरनी पहिल्यावर बोट ठेवलं. "अक्षरं बारीक आहेत, पण जुन्यासारख्या पंचवीसच्या पंचवीस ओळी दिसतात."

साहेबांच्या मनात मात्र तिसरं भरलं होतं. ओळी चोवीसच, पण अक्षरं कशी ठसठशीत! "अहो, ती खालची ओळ कोरीच तर असते. तिच्यापायी डोळे फोडून घ्यायचे का?"

"कधीमधी येतं हो तिथं काहीतरी," सिस्टर म्हणाल्या. तोवर साहेबांची सही झालीसुद्धा होती.

दोन महिन्यांनी साहेबांच्या लेकीला ताप आला म्हणून त्याच वॉर्डात ठेवलं. एक इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत लेक गेली.

"तिला हे औषध चालत नाही, मी स्वतः लिहून दिलं होतं!" साहेब सिस्टरवर ओरडले. "पडद्यावर आलं नाही?"

सिस्टरनी पडद्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"आलं असेल, साहेब. पंचविसाव्या ओळीत."