तिसरी बेडरूम

आईच्या घरमालकाने तिला महिनाअखेर जागा रिकामी करायला सांगितली, तेव्हा तिचे दोन्ही मुलगे आपापल्या बायकांसह एकाच नव्या इमारतीत फ्लॅट बघायला निघाले. निवृत्त हेडनर्स असलेल्या आईलाही सोबत नेलं. आई आता आपल्यातच राहणार, यावर दोघांचं एकमत होतं.

विक्री कार्यालयातल्या बाईंनी टेबलावर दोन नकाशे पसरले. एक दोन बेडरूमचा, दुसरा तीन बेडरूमचा. फरक अठरा लाखांचा.

थोरल्याने दोन बेडरूमच्या नकाशावर बोट ठेवलं. "आम्हाला एवढं पुरे. आईला तसंही धाकट्याकडेच करमतं."

धाकट्याने घाईघाईने तोच नकाशा पुढे ओढला. "आमचंही दोनमध्ये छान भागतं. आईचा जीव तर तुझ्या मुलांत आहे, दादा."

मग अर्धा तास दोघे भाऊ मोठ्या मनाने आई एकमेकांना देऊ करत राहिले. दोघी जावा तेवढ्या वेळात मोबाईलवर पडद्यांचे रंग बघत होत्या.

शेवटी आई सोफ्यावरून उठली आणि त्या बाईंना म्हणाली, "तीन बेडरूमचा माझ्या नावावर लिहा. नोकरीतली पुंजी आहे माझी."

"अगं, तुला एकटीला तीन बेडरूम कशाला?" दोघे एकदमच ओरडले.



"एक माझी. दोन तुमच्या दोघांसाठी. उद्या तुमची मुलंही घर बघायला जातीलच ना!"