चार मण अडीच शेर

"दोर चार मण पेलणारा. पाळण्यात माणूस एकच असता तं तुटलाच नसता." ठेकेदार ओमप्रकाशनं जबानीचा कागद ओव्हरशिअर सहदेवपुढं सरकवला. "सूर्यभान पाळण्याले लोंबकळला. भावाले त्यानंच खाल्लं. करा सही. उद्या कागद अकोल्याले गेला पाहिजे."

पातूरजवळच्या सरकारी विहिरीत नत्थुजी मेला, त्याला आज नववा दिवस. तळाच्या खडकात सुरुंग भरून त्यानं वात पेटवली आणि तो वर यायला दोराला टांगलेल्या पाळण्यात बसला. धूर दिसताच काठावर एकच आरडाओरडा झाला. सहदेवही तिथंच होता. इंजिनावर चालणाऱ्या यारीनं दोर ओढून पाळणा उचलला आणि दोर तुटला. धाकटा भाऊ सूर्यभान भिंतीतल्या खुंट्या धरून आधीच वर चढत होता. तो हेच सांगत राहिला, पण कोणी मानलं नाही. नत्थुजीची बायको रुख्मिणी तर दिराच्या हातचं पाणी घेईना.

सहदेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला तो मेला, आणि आता जित्या भावाच्या कपाळी खून लिहायचा?

"सही नाही होत," तो म्हणाला. "पहिले हिशेब व्हईल."

त्यानं कागद पालथा केला. नत्थुजी, त्याची पहार आणि पाळणा मिळून अडीच मण. पण हे झालं नुसतं टांगलेलं वजन. दोराला ते पेलायचं असतं आणि वेगातही आणायचं असतं. वेग जितका झटक्यानं वाढेल, तितका ताण जास्त. इंजिन एकदम पुरं सोडलं तर अर्ध्या सेकंदात पाळणा सेकंदाला दहा फुटांचा वेग घेतो, हे त्यानं कालच जाड दोर लावून, तेवढ्याच वजनाचे दगड भरून पाहिलं होतं. म्हणजे वेगवाढ दर सेकंदाला वीस फूट. पृथ्वीच्या ओढीनं होणारी वेगवाढ बत्तीस. त्या प्रमाणात अडीच मणांवर आणखी दीड मण अडीच शेर चढले.

"चार मण अडीच शेर!" त्यानं टेबलावर मूठ आपटली. "एकट्या मानसानंच तुटला दोर. वात पाच मिनिटांची व्हती. हळू वढलं असतं तं नत्थुजी आज जिता असता!"

दाराशी बसलेली रुख्मिणी उठून उभी राहिली.

"मंग जोरानं वढा म्हनून सांगतलं कोनं?"

सहदेव इंजिनवाल्या चंद्रभानकडं वळला. "बोल. ठेकेदाराले भेवू नको. कोनाचा हुकूम व्हता?"

चंद्रभाननं मान खाली घातली.

"तुमचाच, साहेब. धूर पायला अन् तुमीच वरडले, 'सोड पुरं इंजिन, वढ!'"

ओरडणाऱ्यांत आपण होतो, एवढंच सहदेवला आठवत होतं. काय ओरडलो, ते तो आज पहिल्यांदा ऐकत होता.

ओमप्रकाश जवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "तुमालेच वाचवासाठी लिवलं होतं थे. अजून बी वेळ गेली नाही."

त्यानं कागद पुन्हा सुलटा केला. टाक दौतीत बुडवून सहदेवच्या हातात दिला.

सहदेवनं सूर्यभानचं नाव खोडलं आणि त्या जागी आपलं लिहिलं.