छागल

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. कोल्हापूरकडच्या जंगलातल्या धरणाच्या तळ्याला चार दिवसांत पायी वळसा घालायचं आम्ही सोलापूरच्या तिघा मास्तरांनी ठरवलं. माझ्या घरी नकाशा पसरून यादी केली. कडक भाकऱ्यांच्याही आधी लिहिलं: पाणी, प्रत्येकी एक कापडी छागल. आमची छागल खुंटीवरून काढून देताना माझी बायको गौरम्मा थबकली. “तळं कुटल्या हाताला ऱ्हाणार?” “उजव्या. चारी दिवस.” “मग पाणी कशाला वाहून नेताय?” आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि हसत सुटलो. ती मात्र हसली नाही. दोन उन्हाळे ती घागर घेऊन टँकरमागं पळाली होती. “चार दिवस चालूनबी सरत न्हाय एवढं पाणी?” “नाही सरत.” तिनं छागल पुन्हा खुंटीला अडकवली, स्वतःच्या तुटक्या वहाणा माझ्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, “आधी ह्या शिवून आणा. मीबी येते.”