असीरगडावर गोटू

मालतीनं गोटूला तटाच्या भिंतीवर उभं केलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून पायाशी एक दगड ठेवला. गोटू म्हणजे वीतभर उंच बाहुला, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा. डोळे काजळाचे, टोपी लाल पेन्सिलीची. मालतीच्या पुतणीनं, शोभानं, तो अंथरुणात पडल्या पडल्या कापला होता. मुदतीच्या तापानं पोरीचं पार चिपाड झालेलं, ती कुठली सहलीला येणार! म्हणून तिनं गोटूला धाडलं होतं. "काकू, त्याला सगळं दाखव. आणि परत आण हं, मग तो मला सांगेल." मालतीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं.

"बघ रे बाबा," मालती गोटूला म्हणाली, "तिकडं तापी, आणि त्या धुरकटात आपलं बुऱ्हाणपूर."

मागं जेवणाची तयारी चालली होती. नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, म्हणून मालतीच्या नवऱ्याच्या ऑफिसनं मोटार करून बायकापोरांसकट सहल काढली होती. हेडक्लार्क दत्तात्रयरावांनी वर येताच भाषण ठोकलं होतं, नवा जमाना आला, जुनी खुळं इथूनच खाली दरीत फेकून द्या! टाळ्या तर अशा पडल्या की माकडं पळाली.

केळीची पानं मांडता मांडता दत्तात्रयरावांच्या निर्मलाबाई थबकल्या. "मालती, हे कोणाचं गं?"

"आमच्या शोभाचं. आजारी आहे ना ती."

निर्मलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आजारी लेकराच्या घरची बाहुली, वेशीबाहेर आणलेली, दरीकडे तोंड करून ठेवलेली. आणखी काय सांगायला पाहिजे? "उतारा आणलास होय!"

"छे हो, उतारा कसला! गड बघायला आलाय तो."

"बरोबर आहे बाई," निर्मलाबाई समजूतदारपणे म्हणाल्या. "उताऱ्याचं नाव घेऊ नये. नाही घ्यायचं."

आता झाली का पंचाईत! मालती जितकं नाही म्हणेल तितका तो पक्का उतारा ठरत होता. बायका चार पावलं मागं सरल्या. मालतीला वाटलं, चला, बरं झालं, निदान कोणी हात तरी लावणार नाही. पण कसलं काय. निर्मलाबाईंनी जेवणातलं लिंबू उचललं, आपल्या खोकणाऱ्या पोरावरून उतरवलं आणि गोटूच्या डोक्यावर पिळलं. "चाललाच आहे तर आमच्या अरविंदाचा खोकलाही घेऊन जाऊ दे. तुझं काय जातंय?"

मग सगळ्यांनाच आपापली दुखणी आठवली. आशाबाईंनी सुनेची कूस उघडावी म्हणून कुंकू फासलं. कोणी मीठ-मोहऱ्या टाकल्या, कोणी भाताची मूठ. एकीनं पोराला तीनदा थुंकायला लावलं आणि त्या द्वाडानं नेम धरून थुंकलं. शेवटी दत्तात्रयराव इकडं तिकडं बघत आले, दुखऱ्या गुडघ्यावरून नारळ उतरवला आणि गोटूच्या पायाशी फोडून मोकळे झाले. हा यांचा नवा जमाना! शिकलेलीसवरलेली माणसं, आणि सगळ्यांनी आपली घाण एका आजारी पोरीच्या खेळण्यावर ओतली.

ती पुढं झाली आणि तिनं गोटूला उचललं.

"अगं, उतारा परत नेतात का!" निर्मलाबाई किंचाळल्या. "आम्हा सगळ्यांचं घेऊन गावात जातेस?"

"राहू दे ना," मालतीचा नवरा वसंत कानाशी लागला. "साहेबलोकांपुढं तमाशा नको. पुठ्ठ्याचा तुकडा तो. दुसरा कापू."

"तुम्ही तिचे सख्खे काका ना हो?" मालती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "लाज नाही वाटत? मी नेणार म्हणजे नेणार. ज्याला भीती वाटते त्यानं चालत यावं."

चालत कोणी आलं नाही. मोटारीत सगळे अंग चोरून बसले, वसंतसुद्धा ड्रायव्हरपाशी जाऊन उभा राहिला. मालती मागच्या बाकावर एकटी, ताठ. थुंकी टाका, लिंबं पिळा, मला फरक पडत नाही, मूर्ख कुठले! तिनं गोटूचं तोंड रुमालानं पुसलं. काजळ पसरलं, कुंकवाचा डाग काही निघेना.

बुऱ्हाणपुरात, त्यांच्या सिंधीपुऱ्यात, दिवे लागत होते. मालती झपाझप घराकडे आली, ओट्यावर चढली, आणि उंबऱ्याशी तिचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. गोटूला तिनं दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं, अंगापासून लांब, मेलेला उंदीर धरावा तसा.

तिनं हात जवळ घ्यायचा प्रयत्न केला. येईना. हा आता पोरीच्या उशाशी ठेवायचा? तो खोकला, तो गुडघा, ती थुंकी? नसतं काही, सगळं थोतांड आहे, तिला पक्कं माहीत होतं. पण पाय उंबरा ओलांडेना. स्वतःची अशी किळस तिला जन्मात आली नव्हती.

"काकू?" आतून बारीक आवाज आला. "गोटू आला?"

ओट्याखाली नाली वाहत होती. चिमटी सुटली. आवाजसुद्धा झाला नाही.

"तो तिकडंच राहिला गं," मालती दारातून म्हणाली. "त्याला फार आवडलं तिथं."

मालती पदराला बोटं पुसत राहिली.

"बरं," शोभा म्हणाली. "मग तू तरी आत ये ना."