सतरावा हात

बाळ नुकतंच झोपलं होतं, घर चिडीचूप होतं, आणि तेवढ्यात स्टीलच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला. सासऱ्यांचा हात चारा कापायच्या मशीनमध्ये गेला होता.

बाळाला शेजारणीकडे देऊन, पाच वर्षांच्या लेकीला काखोटीला मारून मी हॉस्पिटल गाठलं. तिथल्या अपघात वॉर्डात मी स्वतःच नर्स, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही तेच चेहरे. संध्याकाळपर्यंत सासऱ्यांची दोन बोटं जोडून झाली. ती हलतील की नाही, हे महिन्याभराने कळणार होतं.

"या हंगामातला हा सतरावा हात," डॉक्टर वैतागून म्हणाले. "बाहेर डोकं फुटलेली बाई स्ट्रेचरवरच पडून आहे, खाट कुठून आणू? आजोबा, पात्यांवरची जाळी कुठे गेली होती?"

"असेल कुठेतरी," सासरे छताकडे बघत पुटपुटले.

माझा तोल सुटला. "कुठेतरी म्हणजे? जाळी काढू नका म्हणून इथे प्रत्येक पेशंटला सांगून माझा घसा बसलाय, आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार! कोणत्या दीडशहाण्याने काढली ती, बाबा? नाव सांगा, त्यालाच आणून झोपवते इथे!"

सासरे नुसते डोळ्यांनी मला गप्प बस, गप्प बस म्हणत राहिले.



लेकीने माझी ओढणी ओढली. "आई, जाळी म्हणजे गच्चीत तू जिच्यावर बाळाचे लंगोट वाळत घालतेस, तीच ना?"