मामा दाराबाहेर

राजारामने तीन जिने चढून पिशवी खाली ठेवली आणि चपला काढल्या. दम खाता खाता तो खोकला.

लता उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"दादा, आत नको."

तो हसला. भाचीला बघायला बदनापूरहून रात्रभर प्रवास करून आला होता. पिशवीत घरचं तूप होतं. "सर बाजूला. पोरीला बघतो, मग बोलू."

"तुला खोकला आहे. नसता तरी सोडलं नसतं."

मागच्या खोलीत दर्शना पलंगावर होती. ब्लड कॅन्सर. हॉस्पिटलात तिच्या अंगात नव्या मूळ पेशी सोडल्या, आणि डॉक्टरांनी विचारलं, पुढचे उपचार इथं घेतेस की घरी? ती म्हणाली, घरी. तेव्हापासून मानखुर्दच्या या दोन खोल्यांचंच हॉस्पिटल झालं होतं. खिडकीच्या गजाला सलाईन, मोबाइलवर रोज डॉक्टर. पांढऱ्या पेशी वाढेपर्यंत तिला साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतली असती.

तेवढ्यात नर्स शकु आली. दारातच मास्क लावला, बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेली.

राजाराम बघत राहिला.

"ती परकी चालते. मी बाहेर. लता, आपला आजा पाटलाच्या ओट्याखाली उभा राहायचा. वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचा. ते सगळं मोडून आपण माणसात आलो. अन् आज सख्खी बहीण मला दाराबाहेर ठेवते?"

लता जागची हलली नाही.

"त्यांचा धर्म बाटायचा, दादा. इथं माझी पोर मरेल."

आतून दर्शनाचा आवाज आला. बारीक होता, पण कापत नव्हता.

"मामा, रुसलास तरी चालेल. आधी मला जगू दे. मग रुसवा काढायला मीच येते बदनापूरला."

राजारामला पुन्हा उबळ आली. तोंडावर रुमाल दाबून तो अर्धा जिना खाली उतरला, आणि भिंतीकडे तोंड करून खोकला.